गरम हवेच्या नळीतल्या लाह्या

मंगळवार, पडेगाव

इथं उन्हानं डोकं तापतं आन आमच्या ह्यांनी आत गरम हवा सोडायच्या नळ्या असलेली बस आणली. जुनीच. आत पलंग, शेगडी बसवून फिरतं घर केलंय. रविवारी पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन त्यातनं निघायची हाय. आन नळ्या साफ करायला मी.

काल पलंगाखालच्या नळीत झाडू घातला तर मूठभर धूळ निघाली, आन ज्वारीच्या लाह्या. मढ्यावर उधळतात तशा. हे म्हणले, "दिवाळीच्या असतील. तुला भुतं लई दिसतात."

बस थंडीच्या डोंगराळ मुलखातनं आणली, असं हे म्हणतात. तिकडं ज्वारी पिकती का?

नळी धुतली, तिच्या तोंडाला फडकं कोंबून बांधलं. आज सोडलं तर परत लाह्या. धूळ नाय, नुसत्या लाह्या. उंदीर म्हणावा तर फडकं जसंच्या तसं. एक लाही चिरडून बघितली. कुरकुरीत. नळी अजून आतून ओली, मंग लाही कुरकुरीत कशी?

हात तीनदा धुतले, तरी बोटाला ते कुरकुरीत लागतंय.

उद्या ह्यांना तोंडावर सांगणार. ह्या बसमधून आधी काय नेत होते, ते गुरुवारपर्यंत खरं सांगा. नायतर माझी पोरगी तिच्यात चढायची नाय.