संघदीपच्या भिंतीला चुन्याचा दुसरा हात मारू नये

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती मानोरा, जि. वाशीम

अर्जदार : विमलबाई ग्यानबा भगत, रा. इंझोरी रस्त्यावरची वस्ती, ता. मानोरा

विषय : जुन्या शाळाखोलीच्या भिंतीवरील रेल्वे व मेट्रोचे इंग्रजी शब्द राखणेबाबत.

संदर्भ : ग्रामसेवक साहेबांनी भिंतीजवळ उभ्या उभ्या दिलेला तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार बाईने सांगितले तसे उतरवले आहे. सरकारी भाषेत जिथे बसले नाही, तिथे सांभाळून घ्यावे.

१. अर्जदाराचे पती ग्यानबा पुण्याला कामाला गेले असता बाहेर पडायची पाटी न कळल्याने दिवसभर स्टेशनातच फिरत राहिले. घरी येऊन त्यांनी ते हसत हसत सांगितले. सगळे हसले, मुलगा संघदीप हसला नाही. त्याने जीप थांबते तिथल्या जुन्या शाळाखोलीच्या भिंतीवर निळ्या रंगाने प्लॅटफॉर्म, एक्झिट, कोच, टोकन, जंक्शन असे शब्द इंग्रजीत लिहिले, शेजारी मराठीत अर्थ दिले. तेव्हापासून दिवाळीनंतर कामाला निघणारी माणसे आधी भिंत वाचतात, मग जीपमध्ये बसतात.

२. संघदीप मागच्या वर्षी काविळीने गेला. काय वय होते हो त्याचे!

३. आता त्या भिंतीवर योजनेची घोषणा रंगवायची म्हणून चुन्याचा एक हात मारला आहे. ग्रामसेवक साहेब म्हणाले, "गावात ना रूळ ना इस्टेशन, हे शब्द कायले पाहिजेत?" अर्जदार म्हणाली, "गावात दवाखाना तरी कुठी हाय साहेब? तरी 'बाळंतपण दवाखान्यातच करा' लिहूनच राह्यले ना तुमी?" यावर साहेब गाडीला किक मारून निघून गेले.

४. चुना ओला झाला की खालची अक्षरे अजून दिसतात. अर्जदार रोज सकाळी गडवाभर पाणी शिंपडून पाहते. लोक म्हणतात, म्हातारी येडी झाली. झाली असेल. पोटचं पोर गेल्यावर शहाणं राहून करायचं तरी काय?

५. घोषणेला जागा हवीच असेल तर अर्जदाराच्या घराच्या चारही भिंती घ्याव्यात, आतून रंगवल्या तरी हरकत नाही. तेही जमत नसेल तर ती भिंत पाडून विटा अर्जदाराला द्याव्यात. ती ओळीने उचलून नेईल आणि तशाच रचेल.

६. यातले काहीच होणार नसेल, तर दुसरा हात मारायच्या आदल्या दिवशी निरोप तरी धाडावा. संघदीपने ते शब्द आईकडून रोज संध्याकाळी घोकून घेतले होते. अर्जदार रेल्वेत कधी बसली नाही. तिला स्वतःचे नावही वाचता येत नाही. तेवढेच शब्द वाचता येतात. ती येऊन एकदा सगळे वाचून घेईल.

निरोपाची वाट पाहणारी,

विमलबाई ग्यानबा भगत
(निशाणी डावा अंगठा)

अर्ज लिहिणारी : रंजीता, त्याच वस्तीतली

सोबत : भिंतीचा फोटो, ओली असताना काढलेला