मुरारीच्या नावाचं गाऱ्हाणं

प्रिय बनू,

फोन उचलत नायस म्हणून कागद घेतला. गाऱ्हाण्याचा व्हिडिओ तू बघितलास हे मला ठाऊक हाय, शेजारच्या अंकितानं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या निळ्या खुणा मला दाखवल्या. बघून गप्प बसायची तुझी सवय जुनीच, पण त्यावर मागाहून येते. आधी तब्येत सांग. साखर वाढली म्हणून ऐकलं. शाळेत माझ्या डब्यातला गूळ चोरून खायचीस, तो आता बाहेर पडतोय बघ.

तुला वाचता येत नाय, म्हणजे हे पत्र तुझी सून श्रुतिकाच वाचून दाखवणार. श्रुतिका, बाय, जरा मोठ्यानं वाच. तुझ्या सासूला कमी ऐकायला येतं, त्यातनं कामाच्या गोष्टी तर फारच कमी. आम्ही दोघी एका शाळेतल्या गो. मी सातवीपर्यंत गेले. हिची पाटी दुसरीत शेळीनं फोडली आणि हिनं शेळीचे उपकार मानून शाळा सोडली. पुढं लग्न होऊन मी हिच्याच वाडीत आले, तेव्हा सगळ्यात जास्त नाचली ती हीच. मलापण बरं वाटलेलं, खोटं कशाला सांगू.

आता गावची बातमी. तुझा दादा भागोजी इतिहास मंडळाचा अध्यक्ष झालेला हे तुला ठाऊकच. मंडळ काढलं हर्षदनं, मुंबईची नोकरी सोडून आलेल्या त्या पोरानं. पण हार घालून घ्यायला मान लागते, आणि तुझ्या दादाची मान चांगली लांब. दिवाळीला मंडळानं शाळेत जुन्या वस्तू मांडल्या. माझं जातं नेलं आणि त्यावर 'पूर्वीच्या काळातील' अशी चिठ्ठी लावली. मी म्हटलं, अरे मेल्यांनो, परवाच त्यावर कुळीथ भरडले, मग मलापण एक चिठ्ठी लावा. हर्षद लाजला. तुझा दादा हसला. तो माझ्या गोष्टींना फार हसायचा, हे ध्यानात ठेव.

माघात मंडळानं रस्त्याचा स्मरणदिन धरला. कशेडीच्या अंगानं आपल्या वाडीत उतरणारा रस्ता लोकांनी पहारी-घमेली घेऊन स्वतः कोरला, त्याची आठवण. वळणावर काळी शिळा उभी केली आणि तिच्यावर राबलेल्या सगळ्यांची नावं कोरली. माझ्या नवऱ्याचं, मुरारीचं नाव नाय. त्याच वळणावर धोंडा अंगावर येऊन जो गेला, त्याचंच नाय. मी तुझ्या दादाकडे गेले. पान लावत म्हणाला, वहिनी, कामावर पिऊन आला आणि धोंड्याखाली सापडला, असल्याचं नाव शिळेवर कसं घालायचं, महाडवरनं पाव्हणे येणार. मी हसले. मी हसले की लोकांना वाटतं हिला काय लागलंच नाय.

लागलं कुणाला ते सांगते. माझा भरत 'बेवड्याचा पोर' ऐकत मोठा झाला. शाळेत, लग्नाच्या पंगतीत, पोलादपूरच्या स्टँडवरसुद्धा. मुंबईला गेला तो आता गणपतीलापण गावात पाय ठेवत नाय. बापाचं नाव त्या शिळेवर यावं, एवढंच मला हवं होतं. बरं, अजून एक हवं होतं. तुझ्या दादाचं तोंड बघायचं होतं.

देवानं वाट काढली ती चांगू गुरवाच्या डोळ्यातनं. पाव्हण्यांना आपलं गाऱ्हाणं ऐकवायचं ठरलेलं. चांगू एकेक मागणं देवाच्या कानी घालणार आणि अख्खी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणणार. पण चांगूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं ओरडायचं नाय म्हणून सांगितलं. मग हर्षदला मी आठवले. चांगूची नक्कल मी लग्नाघरी किती वेळा केलीय. बाईनं गाऱ्हाणं घालावं का, त्यातनं विधवेनं, असं दोघं-तिघं कुजबुजले. तुझा दादाच म्हणाला, घालू द्या, हा काय देवळातला कार्यक्रम नाय, वहिनी पाव्हण्यांना हसवतील. आणि 'व्हय म्हाराजा' नीट घुमावं म्हणून माईक स्वतःच्या हातात घेतला. बनू, मी त्याला काय सांगितलं नव्हतं गो. माईक त्यानं आपणहून घेतला.

मी पदर खोचला आणि चांगूसारखं नाक वर करून सुरू केलं. बा देवा म्हाराजा, पोलादपूरची एसटी येळेवर सोड. व्हय म्हाराजा. आमच्या मोबाइलला रेंज दे. व्हय म्हाराजा. अध्यक्षांची मान हाराच्या वजनानं मोडू देऊ नको. पाव्हणे पोट धरून हसत होते. तुझा दादा तर सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं होय देत होता. लय लागली होती. आणि मी त्याच सुरात, जराही न थांबता म्हटलं,

"ह्या वळणावर मुरारी गेला, तो दारूच्या थेंबाला शिवला नव्हता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तो आवाज तुझ्या दादाचा. स्पीकरमधनं खालच्या वाडीपर्यंत गेला. एकदा दिलेला होय देवासमोर मागं घेता येत नाय, हे तुला मी काय सांगू. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी पुढं म्हटलं, धोंडा ढकलण्याआधी खालच्यांना हाक द्यायची असते, वरच्यानं हाक दिली नाय म्हाराजा. अर्ध्या लोकांनी होय म्हटलं, अर्धी एकमेकांकडे बघायला लागली. मग मी शेवटचं घातलं.

"प्यालेला तो वरचा होता, आणि त्या दिवशी वरची पहार भागोजीच्या हातात होती म्हाराजा."

तुझ्या दादाचा श्वास तेवढा स्पीकरमध्ये घुरघुरत होता, माईक बंद करायचं त्याला सुचेना. मग डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेला चांगू खुर्चीतनं उठला आणि डॉक्टरला न जुमानता म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्या मागनं सुनील उभा राहिला, त्या दिवशी कामावर होता तो. मग सगळी वाडी.

तुझ्या दादानं शाल खुर्चीवर ठेवली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून अध्यक्षपण सोडलं. मी शिरा करून पाठवला, आजारी माणसाला गोड लागतं. शिळा नवीन होणार, मुरारीचं नाव सगळ्यांच्या वर. भरतनं व्हिडिओ बघून फोन केला. आये, तो आवाज भागोजीकाकाचाच ना, एवढंच विचारलं. मे महिन्यात येतो म्हणाला.

आता तुझ्या मनातला प्रश्न. मला कळलं कसं. गेल्या वर्षीच्या थंडीत तुझ्या भावजयीला, भागोजीच्या ठकूवहिनीला, गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले होते. कुंडातल्या ऊन ऊन पाण्यात पाय सोडले आणि ती बोलायला लागली. त्याच साली शिमग्याआधी गेली बिचारी, मनावरचं ओझं घेऊन नाय गेली. ती म्हणाली, भागोजीला काय सुचत नव्हतं. घरातनं त्याची बाटली नेऊन मुरारीच्या सदऱ्यावर ओतली ती बनूनं. बनूचं लग्न ठरलं होतं, भाऊ तुरुंगात गेला असता तर मोडलं असतं.

त्या सांजेला तू मला मिठी मारून रडलीस. तुझ्या पदराला दारूचा वास येत होता. मला वाटलं मुरारीचाच लागलाय. माझ्या बांगड्या फोडायला माझे हात धरलेस ते त्याच हातांनी. आणि मी मेलेल्यावरच राग धरून बसले गो. पितरांच्या पानावर त्याला कधी गोड वाढलं नाय. तेवढं तू माझ्याकडनं करवून घेतलंस.

गाऱ्हाण्यात तुझं नाव आलं नाय, ते विसरले म्हणून नव्हे. मे महिन्यासाठी राखून ठेवलंय. चाकरमानी आलेले असतील, भरत असेल, नवीन शिळेसमोर गाऱ्हाणं प्रयागच घालील असं चांगूनं सांगून टाकलंय. तू ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. नाय आलीस तर मी सांगेन, आणि तुझं अख्खं माहेर होय म्हणेल. पण एवढे दिवस मला धीर निघायचा नाय, म्हणून हे पत्र. श्रुतिका, बाय, तुझा नवरा, सासरे, सगळे बसलेत ना समोर? आता कागद खाली ठेव आणि सासूच्या तोंडाकडे बघ. वर वाचलंस ते खरं काय, तेवढं विचार. काय म्हणते ते मला फोन करून कळव. काय म्हणाली नाय, तरी कळव.

मेपर्यंत तरी तुझीच,
प्रयाग