हळदीकुंकवाच्या सह्या

कॉव्हेंट्री
२० जानेवारी २०१३

चि. सौ. नीना हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा तिळगूळ पोचला. वड्या इतक्या कडक झाल्यात की तुझ्या वहिनीने अडकित्ता काढला. गोड बोलायचं राहिलं बाजूला, मला दोन दिवस बोलताच येत नव्हतं. इथे घोट्यापर्यंत बर्फ आहे आणि कौन्सिलची मीठ टाकणारी गाडी आमच्या गल्लीत अजून फिरकलेली नाही. तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून आपलं फोनवर बोलणं बंद झालं, ते एका परीने बरंच. पत्रात माणूस वाक्य पुरं तरी करतो.

आता कामाचं. आपल्याच पक्षाचे पंतप्रधान या आठवड्यात पुरुषाचं पुरुषाशी आणि बाईचं बाईशी लग्न कायदेशीर करायचं बिल आणतायत. चाळीस वर्षं मी या हुजूर पक्षाची पत्रकं पावसात घरोघर टाकली ती काय यासाठी? सिव्हिल पार्टनरशिप त्यांना आधीच दिलेली आहे, सगळे हक्क त्यात आले. कोणी कोणाबरोबर राहावं यात मी नाक खुपसत नाही, पण लग्न हा संस्कार आहे. आमच्या शाखेचा अध्यक्ष म्हणून मी विरोधाच्या सह्या गोळा करतोय. कागद सोबत जोडलाय. पुढच्या रविवारी तुझ्याकडे हळदीकुंकू आहेच, पंधरावीस बायका येतील. वाण देताना सही घे. पहिली सही तू कर म्हणजे बाकीच्या आढेवेढे घेणार नाहीत.

सतीशरावांना नमस्कार, मिहीरला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे, तिळगूळ मात्र पुढच्या वर्षी मऊ पाठव.

तुझा
विष्णूदादा


पिनर
२८ जानेवारी २०१३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सह्या पाठवते आहे, चौदा आहेत. हो, पहिली माझीच. हळदीकुंकू छान झालं. वाण म्हणून स्टीलच्या चहाच्या गाळण्या दिल्या. शशीकाकूंनी चष्मा न लावताच सही ठोकली. नीनाच्या भावाचा कागद म्हणजे चांगलाच असणार, असं म्हणाल्या. पुण्याहून नवीन आलेली आसावरी म्हणून एक मुलगी आहे, तिने मात्र अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मला यातलं कळत नाही म्हणून हसून परत ठेवला.

ह्यांनी सही केली नाही. म्हणाले, हात पिठाचे आहेत. तासाभराने विचारलं तेव्हाही पिठाचेच होते. तुझे मेहुणे, तूच समजून घे.

मिहीर वॉटफर्डहून मंडळाच्या खुर्च्या घेऊन आला होता. त्याच्यासाठी मसालेभात बाजूला काढून ठेवला होता, पण न खाताच गेला. काम असेल. माझं कालपासून डोकं दुखतंय, बायकांच्या गलक्याने असेल. वहिनीला नमस्कार.

लोभ धरला आहेस तसाच धरून ठेव.

तुझी
नीना


कॉव्हेंट्री
१४ एप्रिल २०१३

चि. सौ. नीना हिस,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीच्या मतदानात आम्ही सपाटून मार खाल्ला ते तू पेपरात वाचलंसच. अजून वरचं सभागृह, लॉर्ड्स, बाकी आहे, बघू.

पत्राचं कारण वेगळं आहे. यंदा पाडव्याला मिहीर आला नाही. शाळेत होता तेव्हापासून गुढी उभारायला तो यायचा, मी काठी धरायची आणि त्याने वर चढून बांधायची. आम्हाला मूलबाळ नाही हे निदान त्या एका दिवशी आम्ही विसरत होतो. या वर्षी दोन ओळींची ईमेल आली, जमणार नाही म्हणून. तुझी वहिनी श्रीखंडाचं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवून बसली. माझं काही चुकलं का, विचार त्याला.

आणि एकोणतीसचा घोडा झाला, आता किती दिवस मोकळा सोडणार आहात? वॉटफर्डातच एक अक्षया म्हणून मुलगी आहे, डोळ्यांची डॉक्टर, आईवडील नागपूरचे. फोटो सोबत आहे. बारसं जेवलेला मामा आहे, म्हणावं, नाही ऐकणार नाही.

लोभ आहे, पण भाच्याची बाकी आहे.

विष्णूदादा


पिनर
६ मे २०१३

ती. दादास,
शि. सा. न.

अक्षयाचा फोटो परत पाठवते आहे. मुलगी गोड आहे. तिच्या घरी नाही कळव, आणि का म्हणून विचारलं तर बहिणीचं डोकं फिरलंय म्हणून सांग.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. मिहीरला मुलीशी लग्न करायचं नाही, दादा. कधीच करायचं नव्हतं. तो आणि ओवेन नावाचा मुलगा चार वर्षं वॉटफर्डला एकत्र राहतात. ओवेन वेल्सचा, शाळेत गणित शिकवतो, माझ्या हातचं पिठलं मागून मागून खातो. तुला मी तो भाडेकरू आहे म्हणून सांगितलं होतं.

पुढचं ऐक. मिहीरने आम्हाला बाविसाव्या वर्षीच सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, मी भेंडी चिरत होते. ह्यांनी त्याला जवळ घेतलं. मी म्हटलं, मला वेळ दे, आणि मामाला सांगू नकोस, त्याच्या जिवाला लागेल. सात वर्षं त्याने माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं. म्हणजे तुझा कागद आला तेव्हा मला सगळं माहीत होतं. नाही म्हणता आलं असतं. कागद हरवला म्हणता आलं असतं. पण बायका बसलेल्या, कागद टेबलावर, आणि नाही म्हटलं तर दादाला संशय येईल एवढंच माझ्या डोक्यात. मी पेन उचललं. भ्याले रे.

तो खुर्च्या परत न्यायला आला तेव्हा त्याने कागद वाचला. मग खुर्च्या गाडीत भरल्या, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. तेव्हापासून तो या घरात आलेला नाही. रविवारी ह्यांना फोन करतो. मला फोनवर ऐकू येत नाही, ते त्याच्या पथ्यावरच पडलंय.

माझं नाव त्या कागदावरून काढता येईल का? तेवढं कर. रागवायचं असेल तर मागाहून सावकाश रागव.

तुझ्या लोभावर अजून हक्क आहे असं धरून चालते.

नीना


कॉव्हेंट्री
२ जून २०१३

चि. सौ. नीना हिस,
आशीर्वाद.

नाव काढता येत नाही. कागद फेब्रुवारीतच दिला, त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या मलाही माहीत नाही.

तुझी वहिनी म्हणते तिला अंदाज होता. सगळ्या जगाला अंदाज, मीच एकटा शहाणा. मला राग मिहीरचा नाही, तुझा आहे. पोरगं माझ्या पंगतीला बसायचं आणि मी त्याला मुलींचे फोटो दाखवायचो, ते तू होऊ दिलंस. आधी सांगितलं असतंस तर तुझ्याकडे सही मागितली नसती.

मत मात्र बदललेलं नाही. लग्न म्हणजे काय ते माझ्या भाच्यासाठी एक आणि जगासाठी दुसरं, असं मला म्हणता येत नाही. मिहीरला माझे आशीर्वाद कळव. नको, राहू दे, कळवू नकोस.

लोभ आहे. तो आता कसा दाखवायचा ते समजत नाही.

विष्णू


पिनर
२२ जुलै २०१३

ती. दादास,
सा. न.

कायदा झाला. ह्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला आणि दुकान उघडायला गेले. तुझं दुःख मला कळतं, चाळीस वर्षं ज्यांच्यासाठी राबलास त्यांनीच ऐकलं नाही.

पण तू लिहिलंस, माहीत असतं तर तुझ्याकडे सही मागितली नसती. माझ्याकडे नसती मागितलीस, शेजारणीकडे मागितली असतीस. तिच्याही घरात कोणी मिहीर असेल. असो. तुला बोलून काय उपयोग, पेन माझ्या हातात होतं. मी त्याला दर महिन्याला पत्र टाकते. उत्तर येत नाही.

जमेल तेव्हा लिही.

नीना


वॉटफर्ड
२७ एप्रिल २०१४

प्रिय मामा,
शि. सा. न. वि. वि. (बरोबर आहे ना? तुम्ही समर हॉलिडेमध्ये शिकवलं होतं.)

मराठीत लिहितो आहे कारण इंग्लिशमध्ये मी जास्त चांगला भांडतो, आणि मला भांडायचं नाही. चूक झाला तर लाल पेनने करेक्ट करा.

१४ जूनला, शनिवारी, माझी आणि ओवेनचा लग्न आहे. इथेच वॉटफर्डला, रजिस्टर ऑफिसमध्ये. छोटंच. बाबा येणार आहेत. मराठी लग्नात मुलाच्या मागे मामा उभा राहतो असं तुम्हीच सांगितलं होतं. ओवेनच्या मागे त्याची बहीण उभी राहील. माझ्या मागे जागा रिकामा आहे. तुम्ही याल का? तुमचं मत मला माहीत आहे. मत घेऊन या, नो प्रॉब्लेम.

आईला मी बोलावलं नाही. तुम्ही विचारणार, म्हणून सांगतो. तुम्ही सह्या घेतल्या तेव्हा तुम्हाला मी माहीतच नव्हतो. आईला माहीत होतो. तो लिस्ट हातात घेतला तेव्हा मी फक्त एवढंच म्हणत होतो की तिचं नाव नसू दे. पहिलंच होतं. मला तिचा राग नाही येत, मामा. पण तिच्याकडे बघितलं की मला तो कागद दिसतो, आणि त्या दिवशी मला दुसरं काही बघायचं आहे.

मामीला नमस्कार. या प्लीज.

तुमचा
मिहीर


पिनर
१७ जून २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने कळवलं, तू गेला होतास. बरं केलंस. हे शनिवारी परत आले, सूट कपाटात टांगला, जेवण चांगलं होतं म्हणाले आणि फुटबॉल लावून बसले. विचारलं की माझ्या कानाकडे बोट दाखवतात. ओरडून सांगण्यासारखं नाही म्हणतात.

मी त्या दिवशी सकाळी न्हाले, मोरपंखी पैठणी नेसले आणि घरात बसले. एक वाजता लग्न होतं ना, तेव्हा देवापुढे अक्षता टाकल्या. हसू नकोस. ह्यांना सांगितलेलं नाही.

तू सगळं लिही. काही गाळू नकोस. एवढा लोभ कर.

नीना


कॉव्हेंट्री
२० जून २०१४

चि. सौ. नीना हिस,
अनेक आशीर्वाद.

गेलो. मत बदललं म्हणून नाही. आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. पण पोराचं पत्र आलं, मी लाल पेन घेऊन बसलो आणि एकही चूक दुरुस्त करवेना. शाखेचं अध्यक्षपद मार्चमध्ये सोडलं, ते वयामुळे, असं मी सगळ्यांना सांगतो.

खोली साधीच, हिरवं कार्पेट, तीसेक खुर्च्या. मिहीरने करडा सूट घातला होता, त्यावर सतीशरावांच्या लग्नातलं उपरणं. ओवेन उंच, तांबड्या दाढीचा. तुझ्या वहिनीने त्याला कुंकू इतकं लावलं की नाकावर ओघळलं, बिचाऱ्याने पुसलं नाही. मी मिहीरच्या मागे उभा राहिलो. रजिस्ट्रारबाईंनी विचारलं, कोणाची कायदेशीर हरकत असेल तर आत्ताच सांगा. सतीशराव वळून माझ्याकडे बघायला लागले. गेल्या वर्षी हरकतीच्या सह्या गोळा करणारा मी, त्या हिरव्या कार्पेटकडे बघत उभा राहिलो. मिहीरने मागे न बघता हात मागे केला आणि मी तो धरला.

सर्टिफिकेट पाहिलं. आईचं नाव राहिलं म्हणून मी बाईंना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, यात फक्त वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो, सगळ्यांच्याच. तुला मुद्दाम वगळलेलं नाही हे तुला कळावं. जेवायला लझान्या होता आणि वहिनीने नेलेल्या करंज्या. त्या पहिल्या संपल्या.

तुझ्यासाठी शब्द टाकला. तो म्हणाला, येईन कधीतरी, कधी ते सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. नीना, मत माझं होतं तर ते मी माझ्या डोक्यावर वाहायचं, तुझ्या हळदीकुंकवात आणून ठेवायचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या राजकारणात कोणाला म्हटलं नाही ते तुला म्हणतो. चुकलो.

लोभ होता, आहे.

विष्णूदादा


पिनर
२४ जून २०१४

दादा,

तू कार्पेटचा रंग लिहिलास, करंज्या लिहिल्यास, ओवेनचं नाक लिहिलंस. एकच राहिलं. तो हसत होता का?

नीना


कॉव्हेंट्री
२६ जून २०१४

नीना,

हो. सगळा वेळ. काही गाळू नकोस म्हणालीस तरी तेवढं मी गाळलं. तू नसतानाही तो इतका हसला, हे तुला लिहायला माझा हात उठेना.

दादा