मनसारामची पाण्यातली कसरत

मु. बोडीटोला
९ नोव्हेंबर २००३

प्रिय इनायतभाऊले मनसारामचा ताठ उभ्यानं सलाम. (वाकता येत नाई म्हणून ताठ, घुश्श्यानं नाई.) नजमाभाभीची तब्येत कशी हाये? तुहा बांगड्यांचा धंदा बरा चालून राह्यला ना? मार्कंड्याच्या जत्रेतून येताना तुह्या लूनावरून आपण दोघं पडलो, त्याले आठ महिने झाले. पेटीतलं एक काकण फुटलं नाई, माह्यी कमरच तेवढी कामातून गेली. तवापासून तू शरमेनं इकडे फिरकला नाईस. माह्यी बायको कुंता तर तुह्यं नाव निघालं का भांडे आपटते. पण मले करमत नाई गा. शाळेपासूनचा एकच दोस्त, तोही गायब.

आता माह्या इलाजाचं आयक. गडचिरोलीच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं का पोटाचे न् पाठीचे आतले स्नायू झोपले हायेत, त्याईले जागवाचं. कसं? तर रोज छातीभर पाण्यात उतराचं, बेंबी आत ओढाची, पाठ सरळ ठेवून वीस मिनिटं सावकाश चालाचं. समोर, मांगं, आडवं. वजन पाणी पेलते म्हणे. मले, ढीवराच्या पोराले, पाण्यात चालणं शिकवते! मासोळीच्या पिल्लाले पोहणं शिकवा लागते का? पण बाईनं हे सारं लिहून दिलेला कागद कुंतानं घडी करून बटव्यात टाकला, तवाच समजलो का आपली सुटका नाई.

दुसऱ्या दिवशी गावच्या तलावात उतरलो. पाळीवर कुंता, तिच्या हाती गजराचं घड्याळ, न् तिच्या मांगं अर्धं गाव (बाकीचं अर्धं जेवून आलं). आडवं चालता चालता मांडीभर पाण्यात आलो न् पायाखाली काहीतरी सळसळलं. आता तूच सांग, ढीवराच्या पायाले मरळ लागली तर तो बेंबी पाहीन का मरळ? हात आपोआप गेले. मी मरळ धरली न् कमरीनं मले धरलं. वाकलेला तो वाकलेलाच, नाक पाण्याच्या चार बोटं वर. सरळ होता येत नव्हतं न् मरळ सोडवत नव्हती (इज्जतीचा सवाल). मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष पत्रू धावत आला, पण मले पाहून नाई, मासा पाहून. तलाव अजून मासेमारीले उघडला नव्हता ना! शेवटी त्यानं न् गर्दीतल्या लच्छूनं मले जाळ्यात घालून पाळीवर ओढलं. जन्मभर मी जाळ्यात मासे आणले, त्या दिवशी चोर न् माल एकाच जाळ्यात निघाले. मरळ परत पाण्यात गेली न् मी खाटेवर.

आता नवा कायदा हाये. दोन्ही हातात कुंताचे टिनाचे झाकणं धरून उतराचं. हात रिकामे राहात नाई, न् पाणी ढकलता ढकलता पोट बी कसते. डॉक्टरीणबाई पोट धरून हसली, मंग म्हणे चालू ठेवा. न् खरंच गा, फरक हाये. परवा धोतराचा कासोटा माह्या हातानं मांगं खोचला. कुंता कांदे कापून राह्यली होती. डोळे पुसले न् कांद्याले बोल लावला.

पोराईले आशीर्वाद. भाभीले सलाम.

तुहा,
मनसाराम

ता. क. — पत्राचं उत्तर पत्रानं नको देऊ. ये.

ता. क. दुसरा — लूना खड्ड्यानं नाई पडली, न् तुह्या चालवण्यानं बी नाई. वैनगंगेत एक अनाडी उलटंच जाळं फेकून राह्यला होता. मले ते पाहवलं नाई. मांगं बसल्या बसल्या, दोन्ही हात सोडून, सारं आंग फिरवून मी त्याले दाखवलं का जाळं कसं फेकाचं. तुले वाटलं तुहाच हात डगमगला. गावानं आठ महिने तुले बोल लावला न् मी कमर धरून चूप राह्यलो. शरम मले यायले पाहिजे, तू काऊन तोंड लपवून राह्यला? माफ कर गा.

ता. क. तिसरा — कुंताले हे अजून माहीत नाई. तुह्या समोर सांगीन म्हणतो, पण छातीभर पाण्यात उभा राहून. तू बी लुंगी आण न् माह्या बाजूले उभा राह्य. ती उतरली तरी भिऊ नको. पाण्यात हात जोरात फिरत नाई, असं त्या कागदावर लिहिलं हाये.