गुरुजींच्या नव्या टर्नटेबलातला आवाज

मी, खाली सही करणारा उत्तरेश्वर बब्रुवान सुरवसे, वय वर्षे तेवीस, धंदा वायरिंग व रिपेअरी, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, आज शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या दुकानात बसून हा कागद लिहीत आहे. चहा घेतला आहे, दीड भाकरी खाल्ली आहे. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी नाही, कोणी मानेवर सुरी धरलेली नाही. मला मरायची हौस नाही, हे आधीच नोंदवतो, कारण मागून गावात प्रेमभंगाच्या कहाण्या फिरतील. साडेबारा वाजता मी मारुतीच्या पाराजवळच्या डीपीवर, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चढणार आहे. काम पंधरा मिनिटांचं आहे. खाली उतरलो तर हा कागद मीच फाडीन. नाही उतरलो तर यातली कलमं पाळावीत, आणि कलम एक सगळ्यांच्या आधी. माझ्याभोवती गर्दी करण्याच्याही आधी.

कलम १. अंबादास गुरुजींच्या घरातला मेन स्विच ताबडतोब पाडावा. कूलर, फ्रिज, दुधाची टाकी, गुरुजींचा ॲम्प्लिफायर, कशालाही ओल्या हातानं किंवा अनवाणी कोणी शिवू नये. बैठकीत दारामागं लाकडी बोर्ड आहे. तो उघडल्यावर हिरव्या वायरचा वीतभर तुकडा काळ्या वायरला बांधलेला दिसेल. तो तोडावा. तो मी बांधलेला आहे.

कलम २. हे का, ते लिहितो. आमच्याकडं अर्थिंगचा खड्डा कोणी खणत नाही. कोळसा आणा, मीठ आणा, उन्हाळ्यात पाणी ओता, कोण करणार? मग बोर्डातच अर्थची हिरवी वायर न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या काळ्या वायरला बांधायची, झालं अर्थिंग. माझे उस्ताद बिराप्पा यांनी मला हे शिकवलं. त्यांना कोणी शिकवलं ते त्यांना आठवत नाही. डीपीवरची न्यूट्रल घट्ट आहे तोवर काही होत नाही. ती ढिली झाली की घरातल्या लोखंडी वस्तूंत करंट उतरतो. आमच्या डीपीवरची ढिली झाली आहे. क्लॅम्प जळून काळा पडलेला खालूनही दिसतो. असा तुकडा मी या गल्लीत सहा घरांत बांधला होता. बुधवारी आणि गुरुवारी हातापाया पडून पाच घरांतले तोडले. सहावं घर गुरुजींचं.

वीज ऑफिसात अर्ज दिला आहे. त्यांचा वायरमन एक, गावं अकरा. नंबर लागला की येतो म्हणाला. तोवर गावात मीच. लोक आम्हाला झिरो वायरमन म्हणतात. परवाना नाही, नेमणूक नाही, मेलो तर नोंद नाही.

कलम ३. हे मला कळलं ते गुरुजींच्या टर्नटेबलामुळं. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला, “उत्तरेश्वर, पेटी आलीय. रणधीर धाराशिवला गेलाय, लगेच ये.” रणधीर म्हणजे गुरुजींचा मुलगा. त्याला मी घरात चालत नाही. का ते पुढं येईल. गुरुजींना मी चालतो, कारण त्यांचा ॲम्प्लिफायर मी दहावीत असताना स्वतःच्या हातानं जोडलेला आहे, आणि स्पीकरची खोकी बँडवाल्यांच्या जुन्या पेट्यांतून मीच कापली.

गुरुजी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. जुनं प्लेअर पट्टा तुटून पडलं होतं आणि दीडशे तबकड्या कपाटात मुक्या बसल्या होत्या. पेटी उघडताना ते नव्या जावयासारखे अवघडून उभे होते. मी थाळी बसवली, पट्टा चढवला, सुईच्या दांडीमागचं वजन फिरवून ती तोलली. त्यांची मुलगी अर्पिता मोबाईलची बॅटरी धरून होती. तिचा हात माझ्या खांद्यापासून चार बोटांवर होता. चार वर्षांत इतक्या जवळ कधीच नव्हता. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं हे मला माहीत आहे. लिहिलं.

सुई टेकवली तर गाण्याच्या आधी आवाज आला, घूं. बारीक, सलग, भिंतीच्या आत कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा. नव्या टर्नटेबलात असं होतं. त्याला एक बारीक हिरवी वायर असते, ती ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावली की घूं जाते. मी लावली. घूं गेली नाही, वाढली. स्क्रूला बोटाची मागची बाजू लावली तर कोपरापर्यंत मुंग्या. टेस्टर लावला, लखलखला. फ्रिजला लावला, लखलखला. कूलरच्या पत्र्याला लावला तसाच, आणि अर्पिता नुकतीच त्या कूलरमध्ये पाइपानं पाणी भरून आली होती. फरशीवर तिची ओली पावलं होती.

मी चालू गाण्यात पिन उपटली. सुई तबकडीवरून करकरत गेली. गुरुजी हात पुढं करायला लागले तर मी त्यांना ढकललं, आणि ओरडलो, कसला शब्द तो आठवत नाही, चांगला नव्हता. तेवढ्यात रणधीर परत आला. त्यानं बाप खुर्चीत बसलेला, तबकडीवर ओरखडा आणि बहिणीशेजारी मी, एवढंच पाहिलं. मी करंट म्हटलं. तो चपला घालून कोरड्या फरशीवर उभा राहिला आणि कूलरवर पंजा ठेवला. म्हणाला, “काय झालं? आता रोज करंट बघायला येणार व्हय रे, उत्तऱ्या?” मी पुन्हा टेस्टर लावला. ढिली न्यूट्रल अशीच असते, गल्लीतला लोड बदलला की करंट येतो आणि जातो. टेस्टर पेटला नाही.

मग अर्पितानं मला विचारलं, हळू, सगळ्यांसमोर: “या वेळी खरं सांगतोयस ना?”

मला राग आला. माझा राग आधी येतो, मी मागून येतो. मी म्हणालो, “नाही. खोटं आहे. तुला बघायला आलो होतो.” आणि चालता झालो.

त्या घरात माझं जे काही बोलणं यापुढं कोणी ऐकलं असतं, ते मी तिथंच संपवलं. तबकडीवरच्या ओरखड्याबद्दल आणि ढकलण्याबद्दल गुरुजींची माफी मागतो. त्या वाक्याबद्दल अर्पिताची.

कलम ४. “या वेळी” असं ती का म्हणाली, याचा कबुलीजबाब. मागच्या वर्षी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गुरुजींच्या घरची लाईट तीन वेळा गेली. तिन्ही वेळा खांबावरचा फ्यूज मीच काढला होता, त्यांनी मला बोलवावं म्हणून. दोनदा बोलवलं. एकदा चहा मिळाला, एकदा चहा आणि तिनं केलेले शंकरपाळे. तिसऱ्यांदा रणधीरनं मला खांबावरच धरलं. चौकीत माझ्याकडून लिहून घेतलं की त्यांच्या वायरीला मी पुन्हा हात लावणार नाही. तो शब्द मी मोडायला तयार होतो, पण त्या कागदावर माझ्या शेजारी अण्णांनीही सही केली आहे. माझे वडील बब्रुवान यांनी आयुष्यात दिलेला शब्द तेवढा एकच लेखी आहे. म्हणून मी त्यांची वायर तोडत नाही. डीपीबद्दल काही लिहून दिलेलं नाही.

कलम ५. धोका कुठला, हे चौकशीला येणाऱ्यासाठी. डीपीचा स्विच पाडला की वरून वीज बंद. बिराप्पा खाली स्विचच्या दांड्याजवळ उभे राहतील, कारण लाईट गेली की आमच्यात कोणीतरी येऊन विचारल्याशिवाय दांडा वर ढकलतो. पण रणधीरची डेअरी आहे. लाईट गेली की तो दुधाच्या टाकीसाठी जनरेटर लावतो, आणि ती वायर त्यानं सरळ घरच्या सॉकेटात खुपसलेली आहे. ती वीज घरातून उलटी खांबावर चढते आणि डीपीपर्यंत येते. तारांवर साखळी टाकून ती जमिनीत उतरवता आली असती, पण डीपीच्या अर्थिंगची पट्टी भंगारवाल्यांनी केव्हाच कापून नेली. म्हणजे पंधरा मिनिटं जनरेटरची चावी कोणीतरी हातात धरून ठेवावी लागेल. मी सांगून रणधीर धरणार नाही. गुरुजी सांगतील तर धरेल.

त्यानं मुद्दाम केलं असं कोणी म्हणू नये. त्याला माहीतच नसेल. त्याच्याशी माझं वैर आहे ते वेगळं, ते कायम ठेवतो आणि कोणाच्या नावे करत नाही.

कलम ६. वस्तू. पक्कड, पाने, ड्रिल, सोल्डरिंगची पेटी ही हत्यारं मुळात बिराप्पांचीच, ती त्यांना परत. रबरी हातमोजा डाव्या हाताचा एकच शिल्लक आहे, तो आज माझ्या हातात असेल, त्याचं काय करायचं ते तेव्हा बघावं. मोटारसायकल अण्णांना. तिचा चोक ओढून धरावा लागतो. अण्णा, तुम्ही मला चारचौघांत “आमचं झिरो” म्हणालात ते मला लागलं होतं. चौकीत मात्र तुम्ही एक अक्षर न बोलता सही केलीत, ते त्याहून जास्त लागलं. माझा मोबाईल माझी आई सत्यभामा हिला. त्यातले फोटो बघू नये. बघितलेच तर मनात ठेवावेत.

कलम ७. सोलापूरच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकलचं माझं दुसरं वर्ष अर्धं राहिलं. वर्गातल्या एकानं माझ्या मोबाईलमधला अर्पिताचा फोटो बघून एक शब्द वापरला आणि मी त्याचा दात पाडला. माफीनामा लिहून दे, परत घेतो, असं सर म्हणाले. मी लिहिला नाही. इथंही लिहीत नाही. फक्त एवढं नोंदवतो, की अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधू नये हा धडा तिसऱ्या वर्षाला होता.

कलम ८. अर्पिताला काही ठेवत नाही. ठेवलं तर तिला बार्शीचं स्थळ आलंय, तिथपर्यंत बोभाटा होईल. तिनं घरात चपला घालाव्यात, एवढंच मागणं आहे, तेही मोठ्यानं वाचू नये.

कलम ९. गुरुजींनाही काही ठेवत नाही, कारण ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवेत. मी सांगितलेलं त्यांना खोटं वाटतं. पण लिहिलेलं काहीही हातात आलं की गुरुजी वाचतात. भजी बांधून आलेला कागदसुद्धा तेल पुसून वाचतात आणि त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करतात. सहीसाठी हा कागद ते हातात घेतील, तेव्हा कलम एक आणि कलम पाच त्यांच्या डोळ्यांपुढं येतील. जिवंतपणी माझं कोणी ऐकणार नसेल, तर मेल्यावरचं आजच वाचून घ्यावं, एवढाच या मृत्युपत्राचा उद्देश आहे.

वरील मजकूर माझा, हस्ताक्षर माझं, चुका माझ्या.

ठिकाण: तामलवाडी. दिनांक: १८ मे २०२४.

सही: उत्तरेश्वर बब्रुवान सुरवसे

साक्षीदार १: बिराप्पा सिद्राम घोडके, वय ६८. यांना वाचता येत नाही, सर्व कलमं वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, “तम्मा, ते शिकवणं माझंच चुकलं, हे पण लिही.” लिहिलं. अंगठा डाव्या हाताचा.

साक्षीदार २: अंबादास विठ्ठल कुलकर्णी, निवृत्त शिक्षक. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. मजकूर वाचलेला नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं, डीपीखाली बसून.

गुरुजींनी कागद हातात घेतला, वरची ओळ पाहिली आणि त्याच्यावर आजचं वर्तमानपत्र ठेवलं. सहीची जागा तेवढी उघडी ठेवली. मी म्हणालो, सर, वाचा. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “सही मागतोस, देतो. साक्षीदारानं सहीच बघायची असते. पण तेवीस वर्षांच्या पोराचं मृत्युपत्र मी वाचणार नाही. घरी जा, आईच्या हातचं जेव, आणि चार दिवसांनी हे फाडून टाक.” त्यांचे डोळे भरले होते. मी प्रेमापायी नाटक करतोय असं त्यांना वाटलं, आणि तरीही त्यांना माझी माया आली.

मी तोंडानं सांगायला लागलो. जनरेटर एवढा शब्द झाला असेल, तर आतून रणधीर म्हणाला, “आज कशात आलाय रे करंट?” आणि मला राग आला. कागद ओढून घेतला आणि निघालो. दारातून दिसलं ते सांगतो: अर्पिता कूलरला पाइप लावत होती. अनवाणी होती.

परत जाऊन सांगावं असं आता वाटतंय. पण रणधीर दारात उभा आहे, इथूनही दिसतोय, आणि तिच्या हातात पाइप आहे. जाऊन भांडण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात वरचं काम होतं.

हे लिहीपर्यंत बिराप्पांनी दांडा ओढला. गल्लीतले पंखे थांबले. रणधीर दारातून आत गेला.

जनरेटरचा आवाज अजून आलेला नाही. चढतो.

सही: उ. ब. सुरवसे