तीन रिंगा

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस. अकरा वर्षांनी बहिणीचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. पाकिटावरचं तिकीट बघून चमकलाही असशील. हो, मी तुझ्याच देशात आहे. लेकीकडे आलेय, तीन आठवडे झाले. तुझ्या गावापासून गाडीने तीन तासांवर. मामाला कळवायचं नाही असं लेकीला निक्षून सांगितलं होतं आणि तिने ते पाळलं. सांगितलेलं ऐकणारी माणसं आमच्या घरात अजून आहेत म्हणायची. आणि आता उगाच मनातल्या मनात म्हणू नकोस, की ताई, कळवलं असतंस तर आलो असतो. एकदा कळवलं होतं तुला. आई जायच्या आदल्या दुपारी तीन रिंगा देऊन कळवलं होतं. आलास का?

आल्यापासून माझं डोकं फिरलंय ते या फोनपायी. जावईबापूंनी विमानतळावरच जाहीर केलं, की आईंना वेगळं सिमकार्ड कशाला, आमच्याच पॅकमध्ये घालू. म्हणजे मी भाजीच्या दुकानापर्यंत गेले तरी यांच्या फोनवर निळा ठिपका हलणार. माणूस काळजीने बोलतो हे मला कळतं, पण पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या बाईला ठिपका करून ठेवायचं म्हणजे काय! मी म्हटलं, माझं कार्ड मी घेईन, माझं मी निवडीन. तेव्हापासून घरात रोज शिकवणी. लाल कंपनीला रेंज चांगली, पण नेट कमी. निळीला नेट भरपूर, पण महिना अठ्ठावीस दिवसांचा. पिवळीत सगळं अमर्याद, आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरांत मर्यादा. मी चष्मा बदलून दोनदा वाचलं आणि कागद परत दिला. घरचं कार्ड मात्र दवाखान्यातल्या चिकटपट्टीने पासपोर्टच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय. जावई हसले. हसोत बापडे. त्या नंबरावर आईचे फोन यायचे.

शेवटी परवा सकाळी एकटीच गेले. स्टेशनच्या समोर एक चिंचोळं दुकान आहे, किल्ल्यांच्या नकला करून देतात, घड्याळाचे पट्टे बदलतात आणि सगळ्या कंपन्यांची कार्डंही विकतात. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक बाई, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, तोंडावर हसू नावाला नाही. तिची इंग्रजी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तिने पासपोर्ट घेतला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. मी म्हटलं, बाई, मीच आहे, तेव्हा राग कमी होता इतकंच. तिला कितपत कळलं देव जाणे. टाचणीने फोनचा कप्पा उघडून तिने लाल कंपनीचं कार्ड घातलं, आणि चालू झालंय का ते बघायला मला सांगितलं, की माझा फोन इथे ठेवलाय, त्याच्यावर लावून बघ.

आता इथे तुला जुन्याची आठवण करून देणं भाग आहे, कारण सोयीचं तेवढं लक्षात ठेवायची तुझी सवय लहानपणापासूनची. तू इकडे आलास तेव्हा परदेशी फोन परवडत नव्हता, म्हणून आईनेच नियम घालून दिला होता. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे सवडीने फोन कर. तीन म्हणजे असशील तसा नीघ. आपल्या तिघांशिवाय कुणाला ते माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी तुझी एक रिंग आली, की आई फोनकडे बघून मान डोलवायची आणि मगच ताटावर बसायची. चार वर्षांत तीन रिंगा कधी द्याव्या लागल्या नाहीत. त्या दुपारी दिल्या. आईला माझ्याच वॉर्डात आणलं होतं, डावं अंग गेलेलं, पण जिभेवर शब्द होते. मी खिडकीपाशी उभी राहून तुझा नंबर लावला, कानाशी धरून मोजलं, एक, दोन, तीन, आणि कापला. मग आईपाशी जाऊन सांगितलं, की तीन दिल्यात. तिने विचारलं, निघाला का? मी म्हटलं, निघाला. नंतर दर तासाला विचारत होती. प्रत्येक वेळी मी म्हटलं, निघाला. सकाळी दहाला ती गेली तेव्हा तू वाटेत आहेस असंच तिला वाटत होतं. आणि बाराला तुझा फोन आला, आवाज कसा, तर पिकनिकला निघाल्यासारखा. काय ताईसाहेब, काल कामाच्या गडबडीत राहून गेलं, बोला, काय हुकूम आहे? त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती.

चौथ्या दिवशी उगवलास. बैठकीच्या खोलीत दोन्ही मावश्या, काका, शेजारपाजारचे सगळे बसलेले असताना मी तुला विचारलं, तीन रिंगा आल्यावर माणूस कामावर कसा जातो? तू म्हणालास, दोनच आल्या ताई. आईची शपथ घेतलीस. मी सगळ्यांदेखत म्हटलं, की मेलेल्या आईची खोटी शपथ घेणारा माझा भाऊ नाही. तू बॅग उचललीस आणि गेलास. थोरली मावशी फाटकापर्यंत धावली, मी जागची हलले नाही. मग दर वाढदिवसाला तुझा एका ओळीचा मेसेज. मी वाचायची आणि पुसून टाकायची. माझं काय चुकलं होतं? उभं आयुष्य नाडी मोजण्यात गेलं माझं. डॉक्टर आपलं घड्याळ सोडून माझ्या आकड्यावर विश्वास ठेवायचे. मला तीनपर्यंत मोजता येत नाही होय?

तर, ते दुकान. मी त्या बाईच्या फोनवर लावला आणि सवयीने तीन रिंगांवर कापला. बाईने भुवया उंचावल्या. का कापला विचारलं. मी म्हटलं, झालं ना, तीन वाजल्या. तिने मान हलवली आणि दोन बोटं दाखवली.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. हुबेहूब तुझी आठवण आली. म्हटलं, ही पण खोटारडी. पुन्हा लावला. या वेळी तिचा फोन गल्ल्यावर थरथरत होता, त्याच्यावर मी डाव्या हाताची तीन बोटं ठेवली, मनगटावर ठेवते तशीच, आणि उजव्या हाताने माझा फोन कानाशी. कानात एक वाजली, बोटांखाली काहीच नाही. कानात दोन, बोटांखाली एक. कानात तीन, बोटांखाली दोन. कापला.

धाकट्या, मी त्या बाईला सोडलं नाही. निळं कार्ड घालायला लावलं. कानात तीन, बोटांखाली एकच. पिवळं घातलं. पहिल्यांदा तीनाला तीन, दुसऱ्यांदा तीनाला दोन. मागे रांग लागली, एक गृहस्थ मोठ्याने उसासे टाकायला लागले, मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं, तेव्हा ते किल्ल्यांकडे बघायला लागले. बाईने मग मोडक्या इंग्रजीत हातवारे करून समजावलं. आपल्या कानात वाजतं ती पलीकडच्या फोनची घंटा नसते. ती नुसती खूण असते, की शोधतोय, थांबा. पलीकडे खरी घंटा तिच्या सवडीने वाजते, आणि दुसऱ्या देशात लावला तर आणखीच मागेपुढे. तिला हे लहान मुलालाही माहीत असल्यासारखं वाटत होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले. तिने मला पाणी दिलं, न विचारता.

शपथ खरी होती तुझी. आता सुटकेचा निःश्वास टाकू नकोस, माझा राग संपलेला नाही. तुझ्यावर राग आहेच, कारण दोनदा सांगून तू गप्प बसलास, तिसऱ्यांदा भांडला का नाहीस? एरवी पतंगाच्या मांज्यावरून आठ दिवस भांडायचास. पण त्याहून मोठा राग माझ्यावर आहे, आणि तो कुणाजवळ काढू? तीन दिल्या आणि मी थांबले. वीस तास थांबले. तुझा उलटा फोन आला नाही तेव्हा परत लावायला काय झालं होतं? खाली मेट्रनच्या खोलीतल्या फोनवरून बोलता आलं असतं, एका शब्दानेही ती नाही म्हणाली नसती. पण मला वाटलं, मुलगा असेल तर तीनात समजेल. परीक्षाच घेत बसले तुझी. आणि आई विचारत राहिली, निघाला का.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. चुकलं माझं. हे दोन शब्द लिहायला दोन दिवस लागले, म्हणून पत्र परवाचं आज टाकतेय. कार्ड निळं घेतलं, सगळ्यात बेभरवशाचं. लेक म्हणाली मामाकडे तेच आहे. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल, माझं परतीचं विमान पुढच्या गुरुवारी आहे. रविवारी दुपारी चारला मी तुला फोन लावणार आहे. तू म्हणशील अकरा वर्षांनी हिला हुकूम सोडायला कोणी सांगितलं, तर म्हण. पण फोन जवळ ठेव. या वेळी मी कापणार नाही, आणि मोजणारही नाही. नाही उचललास तर परत लावीन, आणि परत.

तुझीच, तुला नको असले तरी,
ताई