दाजींनी प्रोसेसरचं झाकण काढलं

श्रीरामपूर

चि. जॉय,

ताईचा प्रेमाचा सलाम. तू आणि जेनिफर सुखरूप असाल. आम्ही उन्हात जेवढं बरं राहता येतं तेवढे बरे आहोत. सासूबाईंचे गुडघे तसेच आहेत, पण प्रार्थनेत अजून तुझं नाव माझ्याआधी घेतात.

तू दिलेला कॉम्प्युटर प्रश्नपत्रिका काढताना तापून बंद पडतो, असं मी फोनवर म्हणाले आणि तू म्हणालास, पंख्याची धूळ झटक. ते तुझ्या दाजींनी ऐकलं. कारखाना बंद झाल्यापासून (तिथे मीटर दुरुस्त करायचे, तुला ठाऊकच आहे) ते दारातल्या खुर्चीत बसून असतात. विचारलं तर उत्तर देतात, आपणहून एक शब्द नाही. त्या दिवशी उठले. धूळ झटकून भागलं नाही, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले, आणि मग चक्क मला हाक मारून समजावू लागले. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, आत खरा जीव असतो, दोघांमधला लेप वाळला की आतली उष्णता बाहेर येत नाही. "करपते भाकरी, अन् तव्याचा दांडा गार. तसं झालंय," म्हणाले. झाकण उचलायचं, वाळला लेप पुसायचा आणि जागी पाऱ्यासारखा पातळ धातू लावायचा. मी पोळ्या टाकायच्या थांबवून ऐकलं. एवढं लांब वाक्य मी किती दिवसांनी ऐकत होते!

पहिला प्रोसेसर दाढीच्या ब्लेडने झाकण सोडवताना गेला. (त्याच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही घेतलं.) नगरहून जुन्या बाजारातला तसाच दुसरा आणला, तो वाईसच्या लोखंडी पकडीत धरून हलकेच दाबला आणि झाकण सुटलं. शेजारच्या बारीक भागांना धातू लागला तर शॉर्ट होतं, म्हणून त्यांवर माझी नेलपॉलिश लावली. नाताळात घेतलेली, वर्गात शोभत नाही म्हणून पडून होती. लाल प्रोसेसर प्रथमच पाहिला. आता कॉम्प्युटर कितीही वेळ चालवा, कोमटच्या वर जात नाही.

उरलेला धातू सिरिंजमध्ये खिडकीत होता. सासूबाईंना वाटलं पारा. पूर्वी गव्हात पाऱ्याच्या गोळ्या टाकायचे ना, तशी त्यांनी सगळी सिरिंज गव्हाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात पिळली आणि वाटीने खालीवर केलं. हा धातू ॲल्युमिनियम खातो, हे व्हिडिओत होतं, पण सासूबाई व्हिडिओ बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा उचलला आणि बूड बिस्किटासारखं तुटून गहू घरभर.

"आमोस, तुझ्या औषधानं माझा डबा खाल्ला!"

"आई, ते औषध न्हाई."

"मग कीड कशी मरनार?"

"कीड ऱ्हाईल गं. डबा मेला."

आणि हे हसले. खाली बसून, गव्हात हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासूबाई आधी चिडल्या आणि मग त्यांच्याकडे बघतच राहिल्या. गहू सगळा टाकून दिला, पण तो दिवस मला फार महाग वाटला नाही.

बाकी सर्व ठीक. जेनिफरला सलाम.

तुझी,
सत्यशीला ताई

ता. क. : बाकी ठीक नाही. कॉम्प्युटर दुरुस्त झाला, आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि हे परत खुर्चीत आहेत. तुझा कॉम्प्युटर तापतो का? तापत नाही, मी जेनिफरला विचारलं. तरी तापतो असं सांग. फोन मला नको, त्यांना कर. "करून द्या" म्हणू नकोस, "दाजी, जमेल का?" असं विचार.

ता. क. २ : कॉम्प्युटर इकडे पाठवण्याआधी त्यातले लग्नाचे फोटो दुसरीकडे काढून घे. बाकी जे जाईल ते जाऊ दे.